स्पीच थेरपीची डिग्री घ्यावी का? परभणीकडची आहे, घरचे नर्सिंग घे म्हणायलेत

गोदाकाठ_०७ :

नमस्कार सगळ्यांना. मी गंगाखेड तालुक्यातली, यंदा बारावी झाली, दोन वर्षं लातूरला रूम करून क्लासला होते. नीटला ३१८ पडले. एमबीबीएसचा विषयच संपला, बीएएमएसला सरकारी लागत नाही अन् प्रायव्हेटची फी आमच्याच्यानं होत नाही. पप्पा म्हणायलेत बीएस्सी नर्सिंग घे, मावशी म्हणायली अजून एक वर्ष रिपीट कर, अन् माझ्या डोक्यात तिसरंच चालू आहे म्हणून इथं विचारायले.

झालं काय, दिवाळीनंतर आमच्या आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला अन् बोलणं गेलं. आबा म्हणजे आमच्या गावच्या भजनात चाळीस वर्षं पुढं उभा राहून म्हणणारा माणूस, माईक नसला तरी आवाज वेशीपर्यंत जायचा. आता तोंडातून एकच शब्द निघतो, हरी. पाणी पाहिजे तर हरी, राग आला तर हरी, लाईट गेली तरी हरी. शेजारचे तर तोंडावर म्हणायचे की म्हातारं भ्रमिष्ट झालं. मग नांदेडला दवाखान्यातून एका स्पीच थेरपिस्ट ताईंकडं पाठवलं. त्यांनी आबांची सगळी माहिती विचारली, भजनाचं कळल्यावर त्यांनी मांडीवर ताल धरून हळूच एक अभंग म्हणायला सुरू केला, अन् आबांनी तिसऱ्या ओळीपासून उचलला की हो. शब्द न् शब्द बरोबर. आजी तिथंच रडायली. अभंग संपला, आजीनं विचारलं पाणी देऊ का, तर परत हरी.

त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यातून जाईना. ताईंना विचारलं याचं शिक्षण कुठं असतं तर म्हणाल्या बीएएसएलपी करावं लागतं, चार वर्षं. घरी सांगितलं तर पप्पा म्हणले बोलायला शिकवायची कुठं डिग्री असती का. त्यांची चूक नाही, आमच्याकडं कुणी पाहिलेलंच नाही असं काही. तर यात नेमकं शिकवतात काय, इंग्रजी किती लागतं, अन् शिकून परत इकडंच यायचं म्हणलं तर पोट भरतं का? कुणी केलं असेल तर खरं खरं सांगा.


औश्याची_ताई :

बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी हीच डिग्री केलेली आहे, मूळची औश्याची, अकरा वर्षं झाली लातूरला प्रॅक्टिस करते. आधी आबांचं सांगते मग डिग्रीचं, कारण आबांचं कळलं की डिग्रीत काय असतं ते अर्धं तिथंच कळेल.

आबा भ्रमिष्ट झालेले नाहीत हे पहिल्यांदा आजीला अन् शेजाऱ्यांना सांग. याला अफेजिया म्हणतात, मेंदूला मार बसून भाषा जाते ते. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते अन् डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून उजवा हातपाय अन् बोलणं सोबत जातं, आमच्याकडं येणाऱ्या लकव्याच्या पेशंटमध्ये हे कायम दिसतं. १८६१ साली पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरकडं एक पेशंट होता, त्याच्या तोंडून फक्त टॅन एवढंच निघायचं, काहीही विचारा, टॅन टॅन. दवाखान्यात सगळे त्याला टॅनच म्हणायचे. त्याला समोरच्याचं कळायचं, सांगायचं असायचं, पण निघायचं तेवढंच. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात खराबी. आपल्या आबांचा हरी तसाच आहे. शब्द एकच असला तरी सूर बघ, पाण्याचा हरी वेगळा अन् रागाचा हरी वेगळा असेल, तू ऐकून सांग.

आता अभंग कसा आला. चाळीस वर्षं तोंडात बसलेलं पाठ, चाल, ताल, हे मेंदू नवीन वाक्यासारखं जुळवत बसत नाही, ते वेगळ्या वाटेनं येतं अन् त्यात उजव्या बाजूचाही हात असतो. म्हणून मोजणी, वारांची नावं, शिव्या, देवाचं नाव, गाणी हे बऱ्याच पेशंटला येतं अन् भाकरी दे म्हणता येत नाही. यावरूनच १९७३ मध्ये बोस्टनच्या लोकांनी चालीवर बोलायला लावायची थेरपी काढली, मेलोडिक इंटोनेशन थेरपी. तुमच्या ताईंनी अभंग म्हणला तो वेळ घालवायला नाही, आबांची कोणती वाट अजून उघडी आहे ते तपासायला म्हणला.

डिग्रीचं. पूर्ण नाव बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी. म्हणजे नुसतं बोलणं नाही, कानपण. तीन वर्षं शिक्षण अन् एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षाला कान, घसा, स्वरयंत्र, मेंदू यांची ॲनाटॉमी फिजिऑलॉजी, मग भाषाशास्त्र अन् ध्वनिशास्त्र, सायकॉलॉजी, अन् आवाजाचं फिजिक्स. हे शेवटचं ऐकून बायोवाली पोरं घाबरतात, घाबरू नको, डेसिबल म्हणजे काय अन् फ्रिक्वेन्सी म्हणजे काय हे एकदा कानाच्या मशीनवर बसून बघितलं की डोक्यात जातं. पुढं एकेक आजार, बोबडं बोलणं, तोतरेपणा, दुभंगलेला टाळू असल्यानं नाकातून बोलणं, मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, आवाजाचे आजार, अफेजिया, गिळायचा त्रास. गिळायचा त्रास हा आपला विषय आहे हे कुणालाच माहीत नसतं. लकव्याच्या पेशंटला घाईघाईनं पाणी पाजतात, ते श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो अन् पुढं न्यूमोनिया होतो. पाणी घट्ट करून द्यायचं का, मान कशी धरायची, किती मोठा घोट द्यायचा हे बघणं आपलं काम. आबांना पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर उद्याच त्या ताईंना सांग, थांबू नको.

कानाच्या बाजूला ऑडिओमेट्री, बेरा, ओएई, टिंपॅनोमेट्री या कानाच्या तपासण्या, श्रवणयंत्र बसवणं, कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, त्याच्यानंतरचं काम. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, हे तुला झोपेतपण आठवेल इतके ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचे आलेख, काढशील.

अन् क्लिनिक लवकर सुरू होतं. सुरुवातीला बसून बघायचं, मग केस हिस्टरी, मग स्वतःचा पेशंट, त्याचा लेखी प्लॅन, रोजचं लिहिणं, मॅडमच्या सह्या. माझा पहिला पेशंट चार वर्षांचा मुलगा होता, एक महिना तो टेबलाखालून बाहेर आला नाही, मग मीच टेबलाखाली जाऊन बसले, तिथंच थेरपी सुरू केली. ज्याला दहा वेळा तेच करून अकराव्यांदा तेवढ्याच मायेनं करता येतं त्याच्यासाठी हे काम आहे. गोळी दिली अन् उतरलं असं इथं काही नसतं.


देगलूर_ते_दादर :

मी सध्या थर्ड इयरला आहे मुंबईत. देगलूरचा, बारावीपर्यंत मराठी आणि सेमी. ताईंनी सगळं सांगितलंच, मी ॲडमिशनचं अन् इंग्रजीचं सांगतो कारण माझा तिथंच घाम निघाला होता.

ॲडमिशन आपल्या राज्यात नीटवरूनच, सीईटी सेलच्या त्याच पोर्टलवर फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांच्यासोबत बीएएसएलपीचा पण पर्याय असतो. जे कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेलं आहे ते तिथून. या कोर्सच्या ग्रुपचा फॉर्म भरताना माझ्या रूममेटनं हा पर्यायच टिक केला नव्हता, मार्क असून बसला बाहेर, तर ते नीट बघ. मुंबईत नायर हॉस्पिटलला जुनं डिपार्टमेंट आहे, बांद्र्याला अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहे केंद्र सरकारचं, १९८३ चं, पुण्यात भारती विद्यापीठ आहे. अन् देशात सगळ्यात मोठं नाव मैसूरचं, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, त्यांची एंट्रन्स वेगळी असते, तिथं बायोच्या ऐवजी मॅथ्सवाल्यांना पण चालतं. प्रत्येकाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नको.

फीचं म्हणशील तर २०२४ पासून आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी माफ झाली, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय फेरीतून, ॲडमिशन असेल तर. तुझं कॉलेज अन् कोर्स त्यात बसतो का ते कॉलेजच्या ऑफिसला फोन करून पक्कं करून घे अन् उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल आत्ताच तहसीलला टाक, फॉर्म सुरू झाले की तिथं जत्रा असते.

इंग्रजी. खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मला काही कळलं नाही. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, मॅडम इंग्रजी. सुप्रासेगमेंटल शब्द मी वहीत तीन वेळा तीन स्पेलिंगनं लिहिला होता. रात्री होस्टेलवर बसून एकेक पान मराठीत लिहून काढायचो, आईला फोनवर समजावून सांगायचो, तिला कळलं म्हणजे मला कळलं. दुसऱ्या सेमपासून बसलं सगळं. पण क्लिनिकमध्ये उलटं झालं. पेशंट येणार मराठी, हिंदी, त्यातले कितीतरी विदर्भ मराठवाड्यातून रात्रभर देवगिरी नाहीतर नंदिग्रामनं आलेले, अन् आमच्या बॅचमधल्या काही मुंबईच्या पोरींना त्या आजीबाईचं बोलणंच कळायचं नाही. मला बोलवायचे. देगलूर म्हणजे घरात मराठी, बाजारात तेलुगू, मित्रांत उर्दू, तर भाषांची सवय मला लहानपणापासूनच, ती कुठल्या पुस्तकात मिळत नाही. गाव लहान म्हणून कमी समजू नको स्वतःला.


सेलू_मास्तर :

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षक आहे, एकवीस वर्षं झाली. मुलीला निरुत्साही करायचं नाही पण दुसरी बाजू कुणीतरी सांगितली पाहिजे, कारण वडील नर्सिंग म्हणतात ते पोटाच्या विचारानं म्हणतात.

सरकारी कायम नोकऱ्या या क्षेत्रात फार थोड्या. जिल्हा रुग्णालयात जे बाळांच्या लवकर तपासणीचं केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात, २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तिथं ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्टचं पद असतं पण ते कंत्राटी, अकरा अकरा महिन्यांचं. आमच्यासारख्या शाळांत पद मंजूर असलं तरी भरलेलं असेलच असं नाही, आमच्याकडं मधे सहा वर्षं कुणी नव्हतं, मशीन कापड टाकून झाकून ठेवलेलं. नर्सिंगला जाहिरात निघाली की शेकड्यात निघते, इथं एकेक जागा निघते. हे डोळ्यासमोर ठेवूनच ठरव ताई.

दुसरं, तुझ्यासारख्यांना शॉर्टकटवाले गाठतात. सहा महिन्यात स्पीच थेरपिस्ट, ऑनलाइन सर्टिफिकेट, असले मेसेज येतात. भारतात हे काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्यानं, अन् नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणं हा गुन्हा आहे. एक वर्षाचा डीएचएलएस नावाचा डिप्लोमा आहे तो खरा आहे, मान्यताप्राप्त आहे, पण तो करून थेरपिस्टच्या हाताखाली काम करता येतं, स्वतःचं क्लिनिक नाही. कॉलेज कुठलंही घे, आरसीआयच्या यादीत त्या वर्षी आहे का ते बघूनच पैसे भर. आमच्या ओळखीत एका मुलाची दोन वर्षं अन् वडिलांचं एक एकर असं गेलं.


माजलगावची_आई :

मी काही शिकलेली नाही यातलं पण मला लिहायचंच आहे.

माझा मुलगा जन्मापासून ऐकत नव्हता. आम्हाला कळलं नाही. एका डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले पोरगं उशिरा बोलतं काहींचं, बापपण उशिराच बोलला होता ना. सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेवर लावलं, कुणी म्हणलं जिभेखालची तार कापा, ती पण कापली. कानाचं कुणीच म्हणलं नाही. अडीच वर्षांचा झाला तेव्हा अंगणवाडीत तपासणीची गाडी आली त्या मॅडमनं मागून ताट वाजवलं अन् हा वळलाच नाही. मग बीडला, मग पुण्याला, बेरा केली, दोन्ही कान गेलेले. नंतर एका थेरपिस्टनं सांगितलं की पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान अन् सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू असा नियम आहे जगभर. मी हिशोब केला, आमची दोन वर्षं कुठं गेली त्याचा. अजूनपण करते.

केंद्र सरकारच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट झालं त्याचं साडेतीन वर्षांचा असताना. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं म्हणजे झालं. ऑपरेशननंतर मशीन चालू केलं त्या दिवशी तो नुसता घाबरून रडला, आवाज म्हणजे काय हेच त्याला माहीत नव्हतं. मग थेरपी. जवळ कुणी नाही म्हणून दर आठवड्याला पुणे. रात्रीची गाडी, सकाळी सात वाजता स्टँडवर तोंड धुवायचं, दहाला थेरपी पाऊण तास, दुपारची गाडी, रात्री परत माजलगाव. दोन वर्षं. नवरा ऊसतोडीच्या मुकादमाकडं हिशोबाला, शेतातलं सगळं दिरावर, मी गाडीत. एकदा पोरगं तापानं फणफणलेलं अन् मी तसंच नेलं कारण वार चुकला तर पुढच्या आठवड्यापर्यंत काही नाही.

तिथल्या ताईंनी मला शिकवलं की रोज सकाळी मशीन लावल्यावर तोंडापुढं हात धरून सहा आवाज काढायचे, आ, ई, ऊ, श, स, म. प्रत्येकाला त्यानं डब्यात मणी टाकायचा. ज्याला मणी पडला नाही तो आवाज पोचत नाही, मशीनचं बघायचं. श ला कितीतरी दिवस मणी पडायचा नाही. एका दिवशी मी स्वयंपाकघरात होते, कुकरची शिट्टी झाली अन् हा बाहेरून पळत आला, कानाला हात लावला अन् डब्यात मणी टाकला. मी गॅस बंद करून तिथंच बसले खाली.

आता दुसरीत आहे, जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेत. बोलणं थोडं वेगळं वाटतं ऐकणाऱ्याला पण भांडतो बहिणीशी तोंडानं.

मुली, पगाराचं मास्तर म्हणतात ते खरं असेल. पण माझ्या तालुक्यात तुझ्यासारखी एक पोरगी बसलेली असती तर माझ्या दोन वर्षांच्या गाड्या वाचल्या असत्या. माझ्यासोबत त्या गाडीत गेवराईची एक बाई असायची, परळीची एक असायची. सगळ्या पुण्यालाच चाललेल्या.


गोदाकाठ_०७ :

माजलगावच्या काकू, तुमचं मी आईला वाचून दाखवलं, आई बराच वेळ काही बोलली नाही.

ताई तुम्ही म्हणाल्या तसं ऐकून बघितलं, खरंच आबांचे हरी वेगवेगळे आहेत. पाण्याचा खाली जातो शेवटाला, अन् नको म्हणायचं असलं की दोनदा येतो तुटक. आम्ही इतके महिने ऐकलंच नव्हतं नीट. अन् हो ठसका लागतो कधी कधी, नांदेडच्या ताईंना फोन केला, त्यांनी सोमवारी बोलवलंय अन् तोवर झोपवून पाणी द्यायचं नाही, बसवून, चमच्यानं, थोडं थोडं असं सांगितलं.

अजून एक विचारायचं होतं, हसू नका. माझं बोलणं गावचं आहे. पानी म्हणते मी, लातूरला क्लासमध्ये पुण्याहून आलेले एक सर नेहमी दुरुस्त करायचे, पाणी म्हण पाणी. जिला स्वतःला ण नीट येत नाही तिनं दुसऱ्यांना बोलायला कसं शिकवायचं? कॉलेजात काढून टाकतील का मला?


औश्याची_ताई :

हसत नाही. उलट हाच प्रश्न पहिल्या वर्षाच्या ध्वनिशास्त्राच्या मॅडम वर्गात विचारतात अन् अर्धा वर्ग चुकतो.

बोली अन् दोष या दोन गोष्टी वेगळ्या. तुझ्या घरात, गल्लीत, गावात सगळे पानी म्हणतात, तर पानी हे तिथलं बरोबर बोलणं आहे. तुझ्या जिभेला ण करताच येत नसता तर गोष्ट वेगळी. तुला येतो, आत्ता तू ठरवून म्हणशील तर येईल. दोष तेव्हा म्हणायचा जेव्हा पोरगं त्याच्या घरच्यांसारखं, त्याच्या वयाच्या पोरांसारखं बोलत नाही. तीन वर्षांचं पोरगं घर ला घल म्हणत असेल तर आम्ही आईला सांगतो थांबा, र उशिरा येतो. तेच सात वर्षांचं असेल तर काम सुरू करतो. अन् सात वर्षांचं पोरगं जायलोय, खायलोय, जेवायलेत म्हणत असेल तर ते परभणी लातूरचं पोरगं आहे, बास. माझ्याकडं एकदा एका इंग्लिश मीडियम शाळेनं पोरगी पाठवली, चिठ्ठीत लिहिलेलं की भाषा अशुद्ध, थेरपीची गरज. पोरगी फडाफडा बोलायली, गोष्ट सांगितली, हिशोब सांगितला, काही म्हणजे काही नव्हतं तिला. घरी लमाणी बोलायचे, शाळेत मराठी इंग्रजी. मी शाळेला उलटी चिठ्ठी लिहिली की हिला तीन भाषा येतात, हिला थेरपी नको, टाळी द्या.

आता तूच बघ, मराठीत आपण च दोन तऱ्हेनं म्हणतो. चार माणसं मधला च अन् बैलाचा चारा मधला च तोंडात म्हणून बघ, जीभ वेगळ्या जागी लागते. जग म्हणजे दुनिया अन् जग म्हणजे जगत राहा, लिहिताना एकच अन् बोलताना दोन. इंग्रजी टेस्टमध्ये हे कुठून असणार, ळ तर त्यांच्याकडं नाहीच. म्हणून नुसती इंग्रजी टेस्ट भाषांतर करून आपल्या पोरांना लावली की उत्तर चुकतं. अफेजियाच्या पेशंटला दाखवायच्या चित्रांमध्ये मी टोस्टर काढून टाकला अन् तवा, विळी, टोपलं, बैलगाडी ठेवली. ज्या आजोबांना टोस्टरचं नाव येत नाही त्यांना ते लकव्याआधीपण येत नव्हतं. हे इथल्याच माणसाला सुचतं. तुला कुणी काढणार नाही. कॉलेजात प्रमाण मराठी शिकशील, इंग्रजी शिकशील, पण घरचं बोलणं टाकू नको, पुढं तेच कामाला येणार आहे.

सेलूच्या सरांच्या मुद्द्यावर. ते म्हणतात ते खरं आहे, मी पण आधी अडीच वर्षं कंत्राटावर काढली, मधे चार महिने पगार नव्हता. मग सोडून स्वतःचं सुरू केलं, भाड्याची एक खोली, दोन खुर्च्या, एक आरसा, कानाचं मशीन कर्जावर. पहिलं वर्ष दिवसाला एखादाच पेशंट. ईएनटी डॉक्टरांकडं, बालरोगवाल्यांकडं, न्यूरोवाल्यांकडं स्वतः जाऊन सांगावं लागलं की मी काय करते, कारण त्यांनाही पूर्ण माहीत नव्हतं. आता सकाळी नऊ ते संध्याकाळी सात हात रिकामा नसतो, एका सेशनचे मी ३०० घेते, ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून कमी. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट येतात, तंबाखू गुटख्यानं जीभ अर्धी काढलेली, तीस पस्तिशीचे. आवाज बसलेले शिक्षक येतात, कीर्तनकार येतात, सप्ताहाच्या सीझनला सलग सात दिवस ओरडून स्वरयंत्रावर गाठी आलेल्या असतात. अन् तोतरेपणावाली पोरं पोलीस भरतीच्या, बँकेच्या इंटरव्ह्यूच्या आधी येतात, आधी कधी नाही. पेशंट कमी नाहीत बाळा आपल्याकडं. पहिली दोन वर्षं दम धरायची घरची तयारी आहे का, तेवढं पप्पांशी मोकळं बोल. नोकरीच हवी असेल अन् लगेच हवी असेल तर नर्सिंग चांगलंच आहे, ते कमी नाही कुठं.


सेलू_मास्तर :

टोस्टरचं पटलं. आमच्या शाळेतल्या चित्रांच्या तक्त्यावर अजून इग्लू आहे. उद्या काढतो.

ताई, तुमच्याकडं विद्यार्थ्यांना एक दिवस बसून बघू देता का? या मुलीनं फॉर्म भरायच्या आधी डोळ्यानं बघावं असं मला वाटतं, वडिलांनीसुद्धा.


औश्याची_ताई :

पेशंटच्या घरच्यांना विचारून बसवते मी, बहुतेक जण हो म्हणतात. गुरुवारी दुपारी माझ्याकडं तीन अफेजियाचे असतात लागोपाठ. पप्पांना घेऊन ये. पप्पांना सांग डिग्री असते का ते येऊन बघा, भिंतीवर आरसीआयचा नोंदणी नंबर लावलेला आहे, दर पाच वर्षांनी रिन्यू करावा लागतो, त्यासाठी शिकत राहून पॉइंट जमवावे लागतात.

अन् नांदेडच्या ताईंना विचारून, त्या हो म्हणल्या तरच, आबांसोबत हे सुरू कर. त्यांचा डावा हात तुझ्या हातात घे, टेबलावर हळू हळू ठोका दे, प्रत्येक अक्षराला एक. आधी नुसतं गुणगुण, शब्द नाही, दोनच सूर, वर अन् खाली. मग त्याच सुरावर पा-नी. हो, पानीच म्हण, आबा जे म्हणायचे तेच. सोबत म्हणायचं, मग अर्ध्यात तू थांबायचं. दिवसातून दोन वेळा, दहा दहा मिनिटं, चिडले की सोडून द्यायचं. अभंगाच्या चालीवर बसवू नको, नाहीतर ते अभंगच म्हणत सुटतील.


गोदाकाठ_०७ :

ताई, नांदेडच्या ताई हो म्हणल्या. त्यांनी आबांचं गिळणं पण तपासलं, पाणी थोडं घट्ट करून द्यायला सांगितलं, ठसका कमी झालाय. पाच दिवस झाले मी करायलेय. गुणगुणतात माझ्यासोबत, ठोका बरोबर पडतो, पा पर्यंत ओठ येतात अन् मग हरी होतं. काल एकदा ओठ मिटले तसेच ठेवले त्यांनी बराच वेळ, हरी येऊ दिला नाही, अन् माझ्याकडं बघत राहिले.

पप्पा गुरुवारी यायला तयार झालेत. सकाळच्या गाडीनं निघतो, बारापर्यंत लातूरला येऊ. येताना आबांना पण आणू का, का त्रास होईल प्रवासाचा?


औश्याची_ताई :

ओठ मिटून धरले ही मोठी गोष्ट आहे, वहीत तारीख टाकून लिहून ठेव. आबांना आणू नको इतक्या लांब, मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ आण, त्यात तुझा हात अन् त्यांचं तोंड दोन्ही दिसलं पाहिजे. बाराला या, जेवण माझ्याकडंच करा.